दोन घास

१

मरायला टेकलेल्या माणसाला विष कोण घालतं? एक तर तो येडा असला पाहिजे, नाही तर त्याच्या पोटात अशी आग असली पाहिजे की तिला चार दिवस थांबणंही जमू नये. फौजदार हरिदास भोयर बबनराव झाड्याच्या खाटेशी उभा राहून हाच विचार करत होता आणि त्याचं डोकं भणभणून गेलं होतं.

एकोणीसशे एकोणऐंशीचा माघ महिना होता. सिंदीच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि या गाड्यांचा मालक बबनराव खाटेवरून अर्धा खाली लोंबकळत पडला होता. तोंडाला फेस होता. खोलीत कपाशीवर फवारायच्या औषधाचा उग्र वास भरला होता आणि त्यात लसणाचा वास मिसळला होता. दुपारची जेवणं आटोपल्यावर बायको विमलाबाई पाणी घेऊन आत गेली, तेव्हा तिला हे दिसलं.

बबनरावाच्या डाव्या जबड्याखाली ती गाठ होती. दिवाळीत आली आणि पाहता पाहता मानेपर्यंत उतरली. काळपट, जांभळी, दगडासारखी टणक, आणि तिला पडलेल्या भोकांतून पू वाहायचा. गावच्या डॉक्टरनं चाचपून पाहिलं, पेशंटला बाहेर बसवलं आणि भावाच्या कानात कॅन्सर सांगितला. आपल्याकडे असंच करतात. ज्याला मरायचं आहे त्याला सोडून साऱ्या गावाला सांगतात. मग घरात त्या रोगाचं नाव कोणी घेईना. 'मोठी बिमारी' म्हणायचं आणि डोळे पुसायचे. मरणाऱ्याचं मन कशात अडकू नये म्हणून लोक त्याच्या आवडीचं काहीबाही घेऊन येऊ लागले. जबडा लॉक झालेला, तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, म्हणून कोणी खीर आणायचं, कोणी रबडी.

खाटेखाली एक ताट होतं. त्यात अर्धी ज्वारीची भाकर होती, हिरव्या लसणाची चटणी होती आणि दात लावलेला एक मुळा होता.

"हे कोणाचं?" हरिदासनं विचारलं.

"त्या कंपाउंडरचं," बबनरावाचा धाकटा भाऊ चंद्रभान तोडून बोलला. "ओमप्रकाशचं. रोज येते, सुई टोचते अन् वरून जेवते. आजही त्यानंच सुई टोचली, साहेब. त्यानंतर अर्धा घंटा बी नाई झाला."

एवढं ऐकायचा अवकाश, अंगणातले पंधरा-वीस जण ओमप्रकाशच्या घराकडे धावले. हरिदास पोचला तेव्हा त्या पोराचा सदरा फाटला होता आणि नाकातून रक्त येत होतं. हरिदासनं दोन-चार जणांना छडीनं बाजूला सारलं आणि त्याला ठाण्यात आणून कोठडीत टाकलं, निदान तिथं तो जिवंत तरी राहील म्हणून. त्याची म्हातारी आई रामबाई मागोमाग आली आणि ठाण्याच्या पायरीवर बसली. लोक फाटकाबाहेर ओरडत होते, "बाहेर काढा त्याले!"

कोठडीचे गज धरून ओमप्रकाश त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

"साहेब, त्याइले कॅन्सर नव्हताच!"

२

"आता सांग," हरिदास म्हणाला. "अन् एकही शब्द खोटा बोलशील तं तुले बाहेरच्या लोकाइच्या हाती देतो."

"लोक खीर आनाले लागले तवाच मालक समजले," ओमप्रकाश नाक पुसत म्हणाला. "हुशार माणूस. एकटेच गाडीत बसून वर्ध्याले गेले, मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, हा कॅन्सर नाई, जंतू आहेत. पेनिसिलिनच्या सुया घ्या, महिनोन् महिने घ्या, बरे होता. त्या सुया मी देत होतो. घरच्याइले वाटे, दुखनं कमी व्हाच्या सुया आहेत."

"घरी माहीत होतं?"

"कोणालेच नाई. मले शपथ घातली होती. म्हणे, मरते म्हणून कोण कोण खूश आहे ते मले पाहू दे. चंद्रभान आतापासून माही घडी लावून फिरते. एकदा उठू दे, एकेकाची खाल काढतो. मफलर गुंडाळून पडून राहायचे अन् कण्हायचे. अन् साहेब, ते ताट माहं नाई. मी त्या घरचं पानी बी पेत नाई. मागच्या साली भरबाजारात त्याइनं मले थोबाडीत मारली होती."

पोरगं भोळं होतं. आपल्याविरुद्धचं कारण आपल्याच तोंडानं सांगून मोकळं झालं.

विष पोटातून गेलं, सुईतून नाही, हे वर्ध्याच्या शवविच्छेदनातून संध्याकाळीच कळलं. पण त्यानं पोराचं काय भलं होणार? सुईवाल्यानं गोळी म्हणूनही काही दिलं असेल, असं लोक म्हणणारच. आणि हरिदास जसजसा विचार करू लागला तसतसं पोराचं आणखीच अवघड दिसू लागलं. चंद्रभानला वाटत होतं भाऊ मरतो आहे. मग त्यानं विषाची जोखीम कशाला घ्यावी? चार दिवस रबडी पाजून वाट पाहिली असती. विमलाबाईचंही तेच. बबनरावाला मारायची गरज फक्त त्याला, ज्याला ठाऊक होतं की हा जगणार आहे.

आणि ते साऱ्या सिंदीत एकाच माणसाला ठाऊक होतं. तो कोठडीत बसला होता.

३

"मले सांगा विमलाबाई, काल दिवसभरात त्याइनं काय काय घेतलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदास झाड्यांच्या ओसरीवर बसला होता. विमलाबाई कोरड्या डोळ्यांनी समोर बसली होती. नवऱ्यासाठी रडावं असं त्यानं तिच्यासाठी काही केलेलं नसावं.

"सकाळी दोन घोट दूध घेतलं. तेही अर्धं मफलरवर सांडलं. दुपारी काही मागतलं नाई. मी पडली होती जरा."

"त्याइचं कोणाशी वैर?"

"वैर नाई असा माणूस इचारा, साहेब. तो लवकर सांगता येईन." एवढं बोलून ती उठून आत गेली.

चंद्रभानच्या मनगटावर घड्याळ होतं. हरिदासची नजर पडताच त्यानं बाही खाली ओढली. "मी काल स्टेशनवरून रबडी आनली होती. एक घोट घेतला अन् मान फिरवली. आवडीची वस्तू होती त्याची. म्हणलं, जाता जाता तोंड गोड करावं."

"ते ताट कंपाउंडरचं, हे तुम्ही कशावरून म्हणता? जेवताना पाह्यलं?"

"पाह्यलं नाई. पण भावाच्या तोंडात तं बोट जात नव्हतं. मंग भाकर कोणी खाल्ली? मुळा कोणी खाल्ला? भुतानं?"

बरोबरच होतं म्हणा त्याचं. आणि त्याचाच हरिदासला राग आला.

शेवटी स्वयंपाकीण रुखमा आली. पस्तिशीची बाई, कपाळ मोकळं. तिचा नवरा टिकाराम याच घरी सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. पोळ्याच्या रात्री मळ्यातल्या विहिरीत पडून मेला. त्यानंतर बबनरावानं तिला घरी स्वयंपाकाला ठेवलं, आणि गावानं त्याच्या मोठ्या मनाची तारीफ केली होती. हरिदास तेव्हा सिंदीत नव्हता. त्याच्या आधीच्या फौजदारानं दारू पिऊन पडला म्हणून ते प्रकरण मिटवलं होतं.

"सहा महिने झाले मी रांधते," रुखमा खाली पाहत म्हणाली. "दिवाळीपासून मालकासाठी आंबील वेगळी. घोटून, गाळून. कालही तसंच. दोन घास खाल्ले अन् म्हणे, पानी ठेव अन् दार लोट. मंग मी भांडे घासाले गेली."

"त्याइची तुह्यावर मर्जी होती म्हणतात."

"होती ना. टिकारामले विहिरीतून काढलं तं मालक खुद्द आले होते खांदा द्याले." तिनं पदर सारखा केला. "सारं गाव होतं पाह्याले."

हरिदास उठला. वर्ध्याची पॅसेंजर गाठायची होती. गाडीत बसल्यावरही त्याच्या डोक्यात काहीतरी खुपत राहिलं, दातात अडकलेल्या तुरीच्या सालीसारखं. आत्ता या ओसरीवर कोणीतरी असं काही बोललं होतं जे बोलायला नको होतं. कोण, आणि काय?

४

डॉक्टरीणबाईंचं नाव प्रमिलाबाई. बारीक चणीची बाई, पण आवाज खणखणीत. बबनराव मेला हे ऐकून त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"मेला? अहो, माझा चांगला सुधारत चाललेला पेशंट होता तो!"

"म्हणजे कॅन्सर खरंच नव्हता?"

"नव्हता. ॲक्टिनोमायकोसिस म्हणतात त्याला. दुर्मीळ आहे, आणि भलेभले फसतात. गाठ लाकडासारखी टणक, दुखणं फारसं नाही, हळूहळू पसरते. हाताला अगदी कॅन्सर लागतो. पण मी त्याचा पू गाळून पाहिला तर त्यात पिवळे कण होते, गंधकाच्या चुऱ्यासारखे. तेवढी खूण पुरे. मग तुकडा काढून तपासला आणि खात्री झाली."

"हे जंतू येतात कुठून?"

"कुठून म्हणजे? ते तुमच्या तोंडात आहेत, माझ्याही तोंडात आहेत. गुमान पडलेले असतात. दात तुटला, जबड्याला मार लागला की जखमेतून आत शिरतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी गाठ येते. याचा डावा सुळा मुळापाशी मोडलेला होता. मी विचारलं, मार लागला का? तर म्हणाला, बाजारात दात काढून घेतला. मला पटलं नाही. काढलेला दात असा आडवा मोडत नाही."

हरिदासनं मान डोलावली आणि निघता निघता सहज विचारलं, "शेवटपर्यंत पातळच घेत होता ना?"

"छे! मागच्या खेपेला त्याचं तोंड चांगलं दोन बोटं उघडत होतं. मीच म्हटलं, आता हळूहळू भाकरी खायला लागा. काय हसला तो!"

हरिदास दारातच थांबला. म्हणजे ते ताट भुताचं नव्हतं.

सिंदीला उतरल्यावर तो ठाण्यात न जाता थेट बाजारात गेला. वडाखाली नत्थूजी दात काढायला बसायचा. समोर फडक्यावर लोकांचे दात मांडून ठेवलेले, जाहिरात म्हणून.

"बबनरावाचा डावा सुळा तुम्ही काढला?"

"मी?" नत्थूजीनं कानाला हात लावले. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आलते साहेब. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन फिरून राह्यले होते अन् मालक तोंडाले फडकं लावून आले. दात मुळापाशी मोडलेला, ओठ फाटलेला, गाल सुजून डबल झालेला. म्हणलं, मालक, हे घुशाचं काम आहे, मी हात नाई लावत. तं मले म्हणे, कोणी इचारलं तं तूच काढला म्हणून सांगजो, नाई तं इथून उठवीन. आता ते गेले. आता कोणाले भ्याचं?"

घुसा म्हणजे बुक्की. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. पोळ्याच्या रात्री कोणीतरी बबनरावाच्या जबड्यावर बुक्की मारून दात मोडला होता. आणि तान्ह्या पोळ्याच्याच सकाळी विहिरीत टिकाराम सापडला होता.

हरिदासनं भाजीवालीकडून एक मुळा उचलला आणि झपाझप ठाण्याकडे निघाला.

५

"चाव," त्यानं गजांतून मुळा पुढे केला.

ओमप्रकाशला वाटलं फौजदाराचं डोकं फिरलं. पण त्यानं चावा घेतला. हरिदासनं तो मुळा टेबलावर खाटेखालच्या मुळ्याशेजारी ठेवला. ओमप्रकाशच्या दातांची ओळ सलग उमटली होती. त्या सुकत चाललेल्या मुळ्यावर मात्र डाव्या अंगाला एक दात नव्हता. तिथं मुळा तसाच उभा राहिला होता.

बबनराव स्वतः भाकर खात होता. चोरून, मजेत, लसणाची चटणी लावून. त्या चटणीच्या वासात औषधाचा वास दबला. आणि ज्यानं ती भाकर दिली, त्याला पक्कं ठाऊक होतं की याचा जबडा सुटला आहे.

तेवढ्यात त्याला गाडीत खुपत होतं ते सापडलं. दोन घोट दूध, विमलाबाई म्हणाली. एक घोट रबडी, चंद्रभान म्हणाला. दिवाळीपासून त्या घरात बबनराव फक्त घोट घेत होता. आंबीलही पितात, तिचाही घोटच असतो.

एकच बाई म्हणाली होती, दोन घास खाल्ले.

रुखमा झाड्यांच्या मागल्या दारी चूल सारवत होती. दाराशी तिचं गाठोडं बांधून तयार होतं. हरिदासला पाहून तिनं हात धुतले.

"रुखमाबाई, आंबिलीचा घास कसा असते?" त्यानं विचारलं.

"घास म्हणली का मी?"

"म्हणली."

"घ्या बाप्पा. एवढे दिवस तोंड सांभाळलं अन् शेवटी असं झालं." ती उंबऱ्यावर टेकली. "गाठोडं तं सकाळीच बांधलं होतं. काल रामबाईले पायरीवर बसलेली पाह्यली, तवाच ठरवलं. तिच्या लेकाले मी मरू देनार नव्हती. फक्त टिकारामच्या नावानं दिवा लावून घ्याचा होता."

"टिकारामले बबनरावानं मारलं?"

"पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली अडला. मालकानं त्याच्या अंगात तुतारीच्या काठीचा खिळा खुपसला, रगत काढलं. पोळ्याच्या दिवशी, साहेब! ज्या दिवशी बैलाचे पाय धुतात त्या दिवशी! माह्या माणसानं तुतारी हिसकली अन् साऱ्या गावासमोर मोडून टाकली. रात्री मालकानं त्याले मळ्यात बोलावलं. सकाळी विहिरीत सापडला. दारू पेला म्हणे. त्यानं त्या दिवशी थेंब घेतला नव्हता. मी आंग धुतलं त्याचं. उजव्या हाताचे बोटं फाटले होते, इथं, मुठीच्या हाडावर. मी फौजदाराले दाखवलं. तो म्हणे, विहिरीचा दगड लागला."

"मंग त्याच घरी काऊन राह्यली?"

"पाह्याले." तिचा आवाज चढला नाही. "काही तं होईन याचं, म्हणलं, अन् जे होईन ते मी डोळ्यानं पाहीन. दिवाळीत गाठ आली. मले वाटलं देवानं आयकलं. रोज आंबील घोटू, अन् रोज पाहू, किती वाढली. पू आला त्या दिवशी मी घरी गोड केलं. लोक त्याच्यासाठी रडत होते अन् मी पाठ फिरवून हासत होती. मंग एक दिवस मालक मफलर सोडून म्हणे, रुखमा, भाकर टाक, कोणाले सांगू नको. मी मरत नाई. पुढच्या पोळ्याले बैल मीच काढतो, पाह्यजो."

चुलीत एक लाकूड अजून धुमसत होतं. तिनं ते मागे ओढलं.

"दोन-चार दिवस चोरून भाकर खाऊ घातली त्याले. तो खाये अन् मी पाहू. देवानं सोडलं त्याले, साहेब. मी कशी सोडू?"

हरिदासला राग यायला हवा होता. आला, पण भलत्यावरच आला. एका खुन्याला साऱ्या गावानं खीर पाजली, मन अडकू नये म्हणून, आणि या बाईचं म्हणणं एका माणसानं ऐकून घेतलं नाही. कायद्यानं तिला न्यायचं होतं, तो नेणारच होता. पण एक गोष्ट तिच्या हक्काची होती आणि ती सांगितल्याशिवाय त्याला पाय उचलवेना.

"रुखमाबाई, देवाचं त्यात काही नव्हतं. बबनरावाचा सुळा मोडला होता, पोळ्याच्या रात्री. टिकारामच्या बुक्कीनं. बोटं फाटले ते त्याच दातावर. डॉक्टरीणबाई म्हणते, त्या जखमेतूनच बिमारी आत गेली."

ती उठून उभी राहिली. आता ती पहिल्यांदा रडली.

"म्हणजे ती गाठ... ते माह्या माणसाचं काम होतं?"

"हो."

"अन् सुया घेतल्या तं तो बरा झाला असता?"

"झाला असता."

पदरानं तिनं तोंड पुसलं, चुलीवर पाणी शिंपडलं आणि गाठोडं काखेत मारलं.

"मंग त्याचं काम अर्धं राह्यलं होतं, साहेब. मी पुरं केलं. चाला, त्या रामबाईचा लेक सोडा पहिले."